सात नंबरची सॅली

लिटल ऑर्लमला आलेला पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो ग्रेट ऑर्लम कुठं आहे हा. ते कुठंच नाही. कधी काळी होतं की नाही हेही कुणाला सांगता येत नाही, आणि ते शोधायला आजवर कुणी घराबाहेर पडलेलं नाही. दुसरा प्रश्न तो ग्वेन्डा लॉकच्या दुकानात विचारतो. "गाव बघायला ते गळ्यात अडकवायचं यंत्र इथंच मिळतं ना?" त्यावर ग्वेन्डा पावाच्या जुन्या क्रेटमध्ये हात घालते आणि विचारते, "किती बेरिल देऊ?"

यंत्राचं खरं नाव ऑडिओ गाइड. पण त्याच्यातून कानात बोलते ती बेरिल टॅपस्कॉट, म्हणून गाव त्याला बेरिलच म्हणतं. एकंदर बारा बेरिल आहेत. त्यांतली एक तळ्यात पडून आली तेव्हापासून खर्जात बोलते. "आज तीन बेरिल चार्ज करायच्या राहिल्या," "एक बेरिल डोरचेस्टरच्या बसमध्ये विसरली," असली वाक्यं गावात इतकी सहज बोलली जातात, की शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या बेरिललाही आता दचकायला होत नाही.

खरी बेरिल एकाहत्तर वर्षांची, बुटकी, आणि ऊन असलं तरी रेनकोट घालून निघणारी. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती लग्न करून वुल्व्हरहॅम्प्टनहून इथं आली. नवरा रेज ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तो जाऊन सोळा वर्षं झाली. पोस्टाच्या खिडकीत बसून बेरिलनं गावाची पत्रं, पेन्शनी, परदेशी पाठवायची पार्सलं सगळं सांभाळलं. कुणाचा मुलगा पत्र लिहीत नाही आणि कुणाची सून फारच लिहिते, हे तिला तोंडपाठ होतं. पण तिची ओळख करून देताना गाव अजूनही म्हणायचं, "ही बेरिल. मूळची इथली नाही, पण..." त्या 'पण'च्या पुढं काय, हे गावानं ठरवलेलं नव्हतं.

पोस्टाची खिडकी बंद झाली आणि बेरिलच्या हाताला काम उरलं नाही, तेव्हा तिनं ऑडिओ गाइडचं अंगावर घेतलं. गावात पाहुणे येतात, गवताची छपरं बघतात, तळ्यावर बदकांना पाव घालतात आणि काही न कळता परत जातात, हे तिला बघवेना. तिनं दोन वर्षं कागदपत्रं वाचली. मग टॉवेल आणि चादरी ठेवायच्या कपाटात शिरून, दार लावून घेऊन, दहा थांब्यांचं रेकॉर्डिंग केलं. कपाटात आवाज घुमत नाही म्हणून. तिसऱ्या थांब्यावर मध्येच मांजर ओरडतं. पाहुणे पुलावर उभे राहून ते मांजर शोधतात.

पण पाहुणे येत ते सातव्या थांब्यासाठी.

सातवा थांबा म्हणजे चर्चचा मनोरा. चर्चच्या पेटीत दोनशे वर्षांपूर्वीची गावसभेची नोंदवही होती. कुणा काटकसरी माणसानं लिहिलेली. शब्द वाचवून वाचवून लिहिलेली. तिच्यात पावसाच्या, कुंपणांच्या, चुकार मेंढ्यांच्या नोंदींमध्ये मधूनच एक नाव यायचं. 'सॅली फार फाटली. नवी लाल लोकर दिली.' 'पोरांनी मनोऱ्यात शिरून सॅलीला लोंबकळून छळलं. पोरांना ताकीद.' 'सॅली भिजली. शेगडीपाशी वाळवली.' आणि शेवटची, १८३१ सालची : 'सॅली पार झिजली. नाताळच्या आदल्या दिवशी उतरवून ठेवली.'

हे वाचलं त्या दिवशी बेरिल चर्चच्या थंडगार बाकावर बसून रडली होती. डोक्यानं जरा अधू, घरदार नसलेली एक बाई मनोऱ्यात राहते. टारगट पोरं तिला लोंबकळतात. गाव तिला दर दोन हिवाळ्यांनी लाल लोकर देतं, भिजली तर शेगडीपाशी बसवतं. आणि एका नाताळाच्या तोंडावर तिला वरून खाली आणतं. दफनाच्या वहीत तिचं नाव नव्हतं. पण असल्या माणसांना चर्चच्या उत्तरेच्या बाजूला, खुणेशिवाय पुरायचे, हे बेरिलला ठाऊक होतं. "इथं थांबा आणि वर बघा," असं ती सातव्या थांब्यावर म्हणते. "त्या खिडकीच्या आत सॅली राहत होती. ती कुणाचीच नव्हती, म्हणून ती सगळ्या गावाची होती."

हे वाक्य आपण कुणाबद्दल लिहिलं, असा प्रश्न बेरिलला तेव्हा पडला नाही. दुसऱ्या कुणालाही पडला नाही.

चौदा वर्षं ते वाक्य पाहुण्यांच्या कानात वाजत राहिलं. पाहुणे मनोऱ्याच्या जाळीला लाल लोकरीचे धागे बांधू लागले. दाराशी ठेवलेल्या दुरुस्तीच्या डब्यात पैसे टाकू लागले. आणि त्याच डब्याच्या जोरावर, सत्तर वर्षं घंटा मुक्या ठेवणारी त्यांची किडलेली लाकडी चौकट बदलायची असं ठरलं. सहाही घंटा उतरवल्या, घासल्या, पुन्हा चढवल्या. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्या वाजणार होत्या. त्याच दिवशी उत्तरेच्या बाजूला सॅलीच्या नावाचा दगडही उघडायचा होता. "तुझ्या सॅलीनं घंटा आणल्या बघ," असं ग्वेन्डासुद्धा म्हणाली. आणि ग्वेन्डा कुणाला सहसा चांगलं म्हणत नाही.

रविवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी बेरिल थर्मास आणि जिंजर केक घेऊन मनोऱ्यात गेली. गावात घंटा वाजवता येणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पलीकडच्या गावचा आयव्हर पाउन्सेट शिकवायला येत होता. आयव्हरला घंटांपलीकडे जगात काही घडतं याची कल्पना नव्हती. तो नवे दोर ओवत होता.

"या बेरिलबाई. केक तिथं ठेवा, हात पुसा आणि ही बघा आमची सॅली. आली एकदाची!"

बेरिलनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं, कुणीतरी बाई आली आहे.

"कोण आली?"

"अहो ही काय! हातात धरलीय मी." वरून खाली आलेल्या दोराला माणसाच्या छातीच्या उंचीवर हातभर लांबीचा, जाड, मऊ, लाल लोकरीचा गोंडा होता. "दोर हाताला कापतो ना, म्हणून धरायच्या जागी लोकर चढवतात. हिला सॅली म्हणतात. धरून बघा. लाडाची असते हो. ओढून ओढून फाटते. ओल धरली की दगडासारखी होते, मग वाळवत बसायचं."

"शेगडीपाशी," बेरिल म्हणाली.

"हां! कुणी सांगितलं तुम्हाला?"

बेरिलनं थर्मास खाली ठेवला. झाकण लावायचं राहिलं आणि चहा दगडी फरशीवरून वाहत गेला. "पोरं लोंबकळतात तिला," ती म्हणाली.

"मेली पोरं! कुठंही घंटा असली की पोरं आधी सॅलीला लोंबकळणार. पण तुम्हाला बरंच माहिती आहे की. उगाच नाही गाइड झालात."

घरी येऊन तिनं नोंदवहीच्या झेरॉक्स टेबलावर मांडल्या. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. 'फाटली', 'भिजली', 'झिजली'. इंग्रजी क्रियापदं मोठी लबाड. बाई झिजली काय आणि दोर झिजला काय, त्यांना सारखंच. सबंध वहीत सॅलीला 'ती' म्हणून कुणी कधी म्हटलंच नव्हतं. ते बेरिलनं म्हटलं होतं. कपाटात शिरून, टॉवेलांच्या मध्ये बसून.

शुक्रवारी ती दुकानात गेली, आणि दारावरची पाटी फिरवून दुकान बंद केलं. ग्वेन्डा म्हणाली, "अगं, माझं दुकान आहे ते."

बेरिलनं सगळं सांगितलं. ग्वेन्डा ऐकता ऐकता बिस्किटांचे पुडे लावत राहिली.

"म्हणजे आपण दोरासाठी दगड बसवतोय?"

"हो."

"चौदा वर्षं लोक दोरासाठी रडतायत?"

"हो गं."

ग्वेन्डाला हसू आलं, पण ते तिनं खोकल्यात घातलं. मग म्हणाली, "तोंड उघडू नकोस. कुणाचं काय बिघडलंय? आयव्हर काही कळायच्या पलीकडचा आहे. रविवारी घंटा वाजतील, पाद्रीबाई दोन शब्द बोलेल, केक खाऊ, आणि संपलं."

"आणि नॉर्मन?"

ग्वेन्डाचा हात पुड्यावर थांबला. कारण दगड नॉर्मननं आणला होता.

नॉर्मन क्रॅब्ट्री शेफील्डला बस चालवायचा, आता निवृत्त. सहा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तो चुकून, दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला जाताना. त्यानं बेरिल गळ्यात घातली, आणि सातव्या थांब्यापाशी तो असा उभा राहिला की संध्याकाळी ग्वेन्डाला यंत्र परत मागायला जावं लागलं. त्याची मुलगी जोसी घर सोडून रस्त्यावर राहायची. त्यानं तिला तीनदा घरी आणलं होतं, ती तीनदा निघून गेली होती. चौतिसाव्या वर्षी, जानेवारीतल्या एका सकाळी, बंद दुकानाच्या पायरीवर ती गारठून गेलेली सापडली. कपडे भिजलेले होते. त्या पहिल्या खेपेपासून नॉर्मन दर नोव्हेंबरात यायचा, सातवा थांबा ऐकायचा आणि बेरिलकडे चहा घेऊन जायचा. एकदाच म्हणाला होता, "एक तरी गाव असं होतं म्हणायचं." आता त्यानं स्वतः दगड घडवून आणला होता. वर कोरलं होतं : 'सॅली. या गावानं हिला ऊब दिली.'

"त्याला तर मुळीच सांगू नकोस," ग्वेन्डा म्हणाली, "माणूस मोडेल."

"आणि उद्या घंटा शिकणारा कुणी तरी त्याला सांगेल तेव्हा? सहा दोर लोंबतायत ग्वेन्डा, सहा! प्रत्येकाला एक सॅली आहे. आता हा शब्द गावात रोज बोलला जाणार."

ग्वेन्डानं पाटी परत फिरवली. "तुझा आवाज आहे," ती म्हणाली, "तू बघ."

शनिवारी दुपारच्या बसनं नॉर्मन आला. बेरिल थांब्यावर उभी होती. तिनं वाक्य घोकून ठेवलं होतं, पण ते 'नॉर्मन, मला तुम्हाला काही सांगायचंय' याच्या पुढं जात नव्हतं. त्यानं आधी दुकानातून यंत्र घेतलं. खरी बेरिल बरोबर असली तरी गळ्यातली बेरिल ऐकायची, ही त्याची जुनी पद्धत. दोघं मनोऱ्यापाशी आली. झाडांच्या पानांवरून पाणी गळत होतं. त्यानं सात नंबरचं बटण दाबलं आणि वर बघितलं.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून बेरिल बोलायला लागली. तिला एक गोष्ट लक्षात आली नाही, की त्याच्या कानात ती आधीच बोलत होती. इकडे खरी बेरिल म्हणत होती, "सॅली नावाची बाई नव्हतीच हो," आणि तिकडे दुसरी बेरिल म्हणत होती, "त्या खिडकीच्या आत सॅली राहत होती." एकाच बाईचे दोन आवाज, एकाच वेळी.

नॉर्मननं एका कानातलं काढलं. "काय म्हणालात?"

"कोण, मी? का ती?"

"तुम्ही."

तिनं सांगितलं. दोर, लोकर, गोंडा, सगळं. चुकीचं वाचलं म्हणाली. मी घंटांच्या गावातली नव्हे, मला कुठून ठाऊक असणार म्हणाली. मग हे म्हणणं तिचं तिलाच लंगडं वाटलं.

त्यानं यंत्र बंद केलं नव्हतं. लोंबणाऱ्या वायरमधून बारीक आवाज येतच होता. तो शेगडीच्या ओळीपर्यंत आला तेव्हा नॉर्मन म्हणाला, "हे? हेही दोराचंच?"

"हो."

"दोर भिजला, तर शेगडीपाशी ठेवला."

"हो."

"दोराला शेगडी मिळाली," नॉर्मन म्हणाला. आवाज चढला नव्हता. बसमध्ये पुढचा थांबा सांगावा तसा होता. "माझ्या पोरीला नाही मिळाली. दोराला मिळाली."

त्यानं गळ्यातलं यंत्र काढून तिच्या हातात दिलं आणि तो पबच्या वर घेतलेल्या खोलीकडे चालू लागला. यंत्र अजून बोलत होतं. बेरिलला ते बंद कसं करायचं ते आठवेना. शेवटी तिनं ते रेनकोटच्या खिशात कोंबलं. तिथं ते आपलं म्हणणं पूर्ण करून गप्प झालं.

पाद्रीबाईंना तिनं त्याच दुपारी सांगितलं. पाद्रीबाई तरुण, समजूतदार. त्यांनी बेरिलचा हात धरला आणि दगड उघडायचा कार्यक्रम रद्द केला. चहाच्या वेळेपर्यंत गावाला कळलं. घरी जाताना दुकानाबाहेरच्या बाकावर विल्फ डिबन बसलेला होता. वय एक्याण्णव, गावातला सगळ्यात म्हातारा. तो टोपीला हात लावून म्हणाला, "बस पोरी."

बेरिल बसली.

"मी लहानपणी तिसरी घंटा वाजवायचो," विल्फ म्हणाला. "चौकट किडायच्या आधी. तेव्हा सॅली निळी होती आमची."

बेरिलला कळायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तर! मला होतं. पर्सी होता तोवर त्याला होतं. डॉली हॅमंडलाही असणार, तिचा बाप वाजवायचा."

"आणि चौदा वर्षं तुम्ही कुणी एक अक्षर बोलला नाहीत?"

विल्फ खरोखर गोंधळला. "तू एवढी मेहनत घेतली होतीस. मध्येच तोंड कसं घालायचं? बरं दिसत नाही ते." मग त्यानं आणखी एक कारण दिलं. "आणि कुणी विचारलंही नाही ना आम्हाला."

एक्केचाळीस वर्षं बेरिल या माणसांत राहिली होती. ही माणसं पायावर पाय पडला तर स्वतःच माफी मागतात, हे तिला ठाऊक होतं. पण तिला मूर्ख ठरू देणं हा त्यांनी तिला दिलेला मान होता की परकेपणा, हे तिला त्या बाकावर कळलं नाही, आणि पुढंही कधी नीट कळलं नाही. घरची सून चुकली असती तर कुणी तरी पहिल्याच दिवशी ओरडलं असतं, एवढंच तिच्या मनात आलं. विल्फनं खिशातली पेपरमिंट पुढं केली. तिनं घेतली.

रविवारी पाऊस होता. लिटल ऑर्लमला रविवारी बस येत नाही, म्हणून नॉर्मनला जाता आलं नव्हतं. बेरिल चर्चमध्ये मागच्या खांबाआड उभी राहिली. लोक तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत होते; तेच तिला सोसत नव्हतं. मनोऱ्याचं दार उघडं होतं. आत आयव्हर संतापलेला होता. छतातून, जिथून दोर खाली येतो त्या भोकातून, सगळी रात्र पाणी गळलं होतं.

"भिजली! नवी कोरी भिजली! आता कुणी धरायची ही?"

तेवढ्यात बाजूच्या दारानं नॉर्मन आत आला. पावसातून आडोशाला आला असावा. आयव्हर पलीकडच्या गावचा. त्याला नॉर्मन कोण, दगड कुठला, यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला फक्त दोन रिकामे हात दिसले.

"अहो, तुम्ही! जरा धरा ही. हीटरपाशी धरा, पण चिकटवू नका, लोकर करपते. हाताची ऊब लागली तरी चालेल. दहा मिनिटं."

बेरिल खांबाआडून पुढं होणार होती. तोवर आयव्हरनं ती नॉर्मनच्या हातात दिलीही. नॉर्मन त्या लाल ओल्या गोंड्याकडे बघत होता. तो टाकून निघून जाईल असं तिला वाटलं. तो निघून गेला नाही. त्यानं प्लास्टिकची खुर्ची ओढली, हीटरपाशी बसला आणि ती सॅली दोन्ही हातांत धरली. मधूनच तो ती फिरवी, सगळ्या बाजूंनी वाळावी म्हणून. दहाची वीस मिनिटं झाली. लोकरीतून वाफ निघत होती आणि ओल्या मेंढीसारखा वास येत होता. तो रडत होता की नाही ते बेरिलला खांबाआडून दिसलं नाही.

घंटा वाजल्या. गावाला त्या फार आवडल्या. तिसरी जरा मागं पडत होती.

सोमवारी सकाळी बसच्या थांब्यावर बेरिल पुन्हा उभी राहिली. ती फक्त उभी राहिली. बस वळणावर दिसली तेव्हा नॉर्मननं विचारलं, "ते रेकॉर्डिंग बदलणार तुम्ही?"

"बदलणार."

"बदला." बस थांबली. पायरीवर पाय ठेवून तो म्हणाला, "शेगडीचं तेवढं ठेवा. ते खरं आहे." आणि आत जाऊन तो पलीकडच्या खिडकीपाशी बसला, जिथून थांबा दिसत नाही.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. नोव्हेंबर आला, पण नॉर्मन आला नाही. बेरिल थांब्यावर जाऊन आली, दोन वेळा. दगड दुकानामागच्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा आहे. त्याचं काय करायचं हे त्यालाच विचारायला हवं, आणि ते पत्र बेरिलनं अजून पूर्ण केलेलं नाही. जाळीला लाल धागे आता कमी दिसतात. ओळख करून देताना गाव म्हणतं, "ही बेरिल, मूळची इथली नाही, पण," आणि थांबतं.

सातवा थांबा तिनं त्याच कपाटात बसून पुन्हा भरला. आता तो लहान आहे. "इथं थांबा आणि वर बघा," ती म्हणते. "इथं सॅली नावाची बाई राहत होती, असं मी तुम्हाला चौदा वर्षं सांगितलं. ती नव्हती. सॅली म्हणजे घंटेच्या दोराला धरायची लोकर. मी चुकले. वहीत लिहिलंय, सॅली भिजली, शेगडीपाशी वाळवली." आणि इथं ती बोलायची थांबते. पुढं सांगायचं होतं ते तिला कपाटात सुचलं नाही, आणि ती मोकळी जागा काढून टाकायचंही तिला धाडस झालं नाही. चांगलं पाऊण मिनिट कानात काहीच नाही. मग ती हळूच म्हणते, "आता आठव्या थांब्याकडे चला. पायरी निसरडी आहे."

पाहुणे त्या पाऊण मिनिटात यंत्र हलवतात, बटणं दाबतात, आणि पुष्कळसे वैतागून दुकानात येतात. "ही बेरिल बंद पडली हो."

ग्वेन्डा क्रेटमधून मान वर काढत नाही.

"बंद नाही पडली," ती म्हणते. "मनोऱ्यापाशी परत जा आणि जरा दम धरा. बोलेल ती."